चित्र कोणाच्या हातात

एखाद्या समाजगटाविषयी आधीच तयार असलेले, त्या गटातील माणसामाणसांमधला फरक पुसून टाकणारे आणि अनुभवाने खोटे ठरले तरी न ढळणारे जे चित्र मनात असते त्याला साचेबंद प्रतिमा म्हणतात, आणि असे चित्र अज्ञानातून जन्मत असल्यामुळे खरी माहिती पुरवली की ते आपोआप विरून जाते, अशी एक सोयीची समजूत सुशिक्षितांमध्ये रूढ आहे. इतिहासाला ती मान्य नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतील मळेवाल्यांना आपल्या शेतात राबणाऱ्या काळ्या माणसांचा परिचय नव्हता असे नाही, आणि नगर जिल्ह्यातील गावांना आपल्या वेशीबाहेरच्या वस्त्या अनोळखी होत्या असेही नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजारातच या प्रतिमा घडल्या, वापरल्या गेल्या आणि मुलाबाळांच्या हाती दिल्या गेल्या. तेव्हा साचेबंद प्रतिमेच्या मुळाशी माहितीच्या अभावापेक्षा चित्र काढण्याच्या साधनांची मालकी अधिक असते, असे मानून पुढे जाणे भाग आहे. आणि हे मान्य केले की ज्यांच्यावर ती प्रतिमा लादली गेली त्या तरुणांनी माध्यमे हाती घेतल्यावर नेमके काय करावे, हा प्रश्नही वेगळ्या रीतीने विचारावा लागतो.

नगरच्या इतिहासात या मालकीचे एक नमुनेदार उदाहरण सापडते. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला मलिक अंबर मुघल फौजांना दोन दशकांहून अधिक काळ पुरून उरला. जहांगीर बादशहाला तो रणांगणावर कधी संपवता आला नाही. मात्र १६१६च्या सुमारास बादशहाच्या चित्रशाळेत अबुल हसन या चितारीने काढलेल्या एका प्रसिद्ध चित्रात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्याच्या टोकावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडताना दिसतो, आणि त्या काळ्या मुंडक्याच्या सोबतीला अपशकुनाचे घुबडही काढलेले आहे. प्रत्यक्षात मलिक अंबर त्यानंतर सुमारे दहा वर्षे जगला, १६२४मध्ये नगरजवळच्या भातवडीला त्याने मुघल आणि आदिलशाही यांच्या एकत्रित सैन्याचा पराभव केला आणि १६२६मध्ये वार्धक्याने त्याचा मृत्यू झाला. तलवारीला जे जमले नाही ते कुंचल्याने उरकून घेतले. बादशहाच्या स्मृतिलेखनातही अंबरचा उल्लेख त्याच्या काळ्या रंगाचा उद्धार केल्याखेरीज सहसा येत नाही. जहांगीरला अंबरच्या कर्तृत्वाची पुरेपूर माहिती होती आणि नेमक्या त्या माहितीमुळेच असे चित्र काढवून घेण्याची गरज त्याला भासली, ही या प्रकरणातील सर्वांत बोलकी बाब होय.

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नगर–मनमाड रस्त्यावरील राहुरीच्या परिसरात, वर्तमानपत्राच्या तालुका पानावर कोणती माणसे कोणत्या रूपात दिसतात हे पाहिले तर मालकीचा हाच प्रश्न साध्या वेशात समोर येतो. महात्मा फुले कृषी विद्यापीठ, मुळा धरणाचे आवर्तन, उसाचा भाव आणि कारखान्याचे राजकारण यांमुळे बागायतदार शेतकऱ्याची एक ठसठशीत, बहुतांशी गौरवपर प्रतिमा येथे घडली आहे. विद्यापीठाची कृषिदर्शनी दरवर्षी घरोघर पोचते आणि तीत प्रयोगशील शेतकरी दिसतो. त्याच शिवारातील पारधी, वडार, कैकाडी किंवा मातंग वस्तीतला तरुण मात्र प्रामुख्याने गुन्हेवृत्ताच्या स्तंभात भेटतो, आणि तिथे इतर आरोपींची जात सहसा गुलदस्त्यात राहत असताना याची तेवढी टोळीच्या नावासकट छापली जाते. या परिसराची लोककथा तर आणखी जुन्या काळात नेते: समुद्रमंथनानंतर देवांच्या पंगतीत वेश पालटून बसलेल्या राहूच्या वधाची कथा राहुरीशी आणि मोहिनीराजाची कथा शेजारच्या नेवाशाशी जोडली जाते, आणि गावगाड्याने ग्रहणाचे दान मागण्याचे काम ज्यांच्या माथी मारले ते लोक मांग-महारच होते. आपली नसलेली जागा घेणारा, म्हणून शिरच्छेदास पात्र, आणि वर कायमचा ग्रहणाचा दोषी, असा हा साचा छापखान्याहून कितीतरी जुना आहे.

इंग्रजी राजवटीने या साच्याला कागदाचे बळ दिले. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, त्यांच्या माणसांना हजेरी लावण्याचे बंधन घातले, आणि पुढे सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहतींमध्ये त्यांना कोंडले. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द होऊन या जमाती ‘विमुक्त’ झाल्या खऱ्या, पण सराईत गुन्हेगारांविषयीच्या नव्या कायद्यांतून पोलीस ठाण्यातला जुना संशय नव्या नोंदवहीत उतरला. साचेबंद प्रतिमेची चर्चा करताना हा तपशील विसरला जातो. प्रतिमा केवळ प्रेक्षकाच्या डोक्यात असती तर एखाद्या चांगल्या चित्रपटाने तिचे काम तमाम केले असते. परंतु ती ठाण्यातल्या यादीत, शाळेच्या दाखल्यात आणि तुरुंगाच्या नियमावलीतही वसते.

अशा प्रतिमेला उत्तर देण्याचे दोन मार्ग जगभर वापरले गेले आहेत. पहिला मार्ग ‘आम्ही तसे नाही’ असे सिद्ध करण्याचा, म्हणजे नीटनेटका पोशाख, पदवी आणि नोकरी असलेली माणसे पुढे करण्याचा. दुसरा मार्ग आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहण्यासच नकार देऊन चित्र काढणाऱ्याकडे बोट दाखवण्याचा. अमेरिकेत दोन्ही मार्ग दिसतात. १९१५मध्ये डी. डब्ल्यू. ग्रिफिथ याच्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या चित्रपटाने काळा पुरुष म्हणजे गोऱ्या स्त्रीच्या अब्रूला असलेला धोका, हे चित्र लक्षावधी प्रेक्षकांपर्यंत नेले आणि कु क्लक्स क्लॅन या हिंसक संघटनेला नवजीवन दिले. त्याआधी १९००च्या पॅरिस प्रदर्शनात कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉय यांनी जॉर्जियातील कृष्णवर्णीयांची शेकडो छायाचित्रे मांडली होती, ज्यांत प्रतिष्ठित पोशाखातील, शांत नजरेचे स्त्री-पुरुष दिसतात. ही पहिली वाट होती. दुसऱ्या वाटेवरही तेच द्यू बॉय भेटतात. त्या काळात जमावाने जाहीरपणे ठार मारलेल्या काळ्या माणसांच्या प्रेतांची छायाचित्रे पोस्टकार्डांवर छापून आठवण म्हणून विकली जात. १९१६मध्ये टेक्सासमधील वेको येथे एका सतरा वर्षांच्या मुलाला हजारोंच्या साक्षीने जाळले गेले, तेव्हा द्यू बॉय संपादित करीत असलेल्या ‘द क्रायसिस’ या नियतकालिकाने तिथलीच छायाचित्रे आपल्या पुरवणीत छापली. पोस्टकार्डावर जी विजयाची निशाणी होती तीच काळ्या संपादकाच्या पानावर जमावाविरुद्धचा पुरावा झाली. छायाचित्र एकच राहिले आणि अर्थ उलटला, कारण ते कोण कोणाला दाखवत आहे ते बदलले.

पहिल्या मार्गाला कमी लेखण्याचे कारण नाही, पण त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. ऑगस्ट २०१४मध्ये अमेरिकेतील फर्ग्युसन येथे एका काळ्या तरुणाला पोलिसाने गोळी घातल्यानंतर अनेक कृष्णवर्णीय तरुणांनी समाजमाध्यमांवर स्वतःची दोन-दोन छायाचित्रे जोडीने टाकली. एकात पदवीदानाचा झगा किंवा सैनिकी गणवेश, दुसऱ्यात मित्रांसोबतची टवाळखोर मुद्रा, आणि आपण मारले गेलो तर वृत्तपत्रे यांतले कोणते छापतील, असा त्यांचा सवाल होता. सवाल अचूक होता, कारण त्याने निवड करणाऱ्या संपादकाला उघडे पाडले. मात्र त्याचा अर्थ ‘हा तर पदवीधर होता हो’ एवढाच घेतला गेला, तर ज्याच्याजवळ झगा नाही त्याच्या मरणाला आक्षेप घेण्याचा आधारच उरत नाही. सभ्यतेचे प्रमाणपत्र दाखवून मिळवलेला न्याय हा प्रमाणपत्र देणाऱ्याच्या मर्जीचा असतो.

मराठीत हा वाद अमेरिकेतून आयात झालेला नाही, जरी दोन्हींमध्ये जाणीवपूर्वक बांधलेले पूल आहेत. जोतीराव फुले यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केले होते, १९४६मध्ये डॉ. आंबेडकरांनी द्यू बॉय यांना पत्र लिहिले. आणि १९७२मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदींनी दलित पँथर स्थापन केली तेव्हा नावापासूनच ओकलंडच्या ब्लॅक पँथरशी नाते सांगितले. पण माध्यम स्वतःचे असल्याखेरीज प्रतिमा बदलत नाही, हा धडा येथे त्याआधीच गिरवला गेला होता. १९०८मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’ काढले आणि ३१ जानेवारी १९२०ला आंबेडकरांचा ‘मूकनायक’ निघाला, त्याला राजर्षी शाहूंनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले, तर ‘केसरी’ने त्याची पैसे भरून दिलेली जाहिरातही छापली नाही. या एका नकारात माध्यमांच्या मालकीचा सगळा प्रश्न सामावलेला आहे, आणि ‘मूकनायक’ तीन-चार वर्षांतच बंद पडला या वस्तुस्थितीत त्या प्रश्नाची आर्थिक बाजू.

दुसऱ्या मार्गाचा सर्वांत धीट मराठी नमुना मात्र कादंबरीत आहे. अण्णा भाऊ साठे यांच्या १९५९च्या ‘फकिरा’चा नायक ज्या मांग समाजातला आहे, त्यावर सरकारने गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. लेखकाने आपला नायक निष्पाप असल्याचे भासवण्याचा मुळीच प्रयत्न केलेला नाही. फकिरा धान्य लुटतो, सरकारी खजिना लुटतो, आणि कादंबरी विचारते ते एवढेच की दुष्काळात माणसे उपाशी मरत असताना कोठारे भरलेली का होती. आरोप नाकारण्याऐवजी आरोपाची भाषाच ताब्यात घेण्याची ही रीत पुढे लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनांमध्येही चालू राहिली. यातील दुसऱ्या पुस्तकाने तर शिवीसारखे वापरले जाणारे नावच मुखपृष्ठावर मिरवले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस छपाईची जागा दृश्य माध्यमाने घेतली आणि या परंपरेचा पुढचा टप्पा नगर शहरातच सुरू झाला. न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयाच्या संज्ञापन अभ्यास विभागात, म्हणजे वृत्तपत्र, चित्रपट आणि प्रसारण यांचे शिक्षण देणाऱ्या विभागात, करमाळा तालुक्यातील जेऊरचा वडार समाजातील नागराज मंजुळे शिकला आणि तिथल्या अभ्यासाचा भाग म्हणून त्याने ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला, ज्याला दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. याच विभागातून श्रीगोंदा तालुक्यातला भाऊराव कऱ्हाडे पुढे आला. त्याने वडिलोपार्जित जमीन विकून उभ्या केलेल्या ‘ख्वाडा’मध्ये मेंढ्या घेऊन रानोमाळ फिरणारे धनगर कुटुंब आहे, आणि ज्या वाटांवरून ते कुटुंब हाकलले जाते त्या वाटा नगरच्या प्रेक्षकाच्या पायाखालच्याच आहेत. हे महाविद्यालय जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाजाचे आहे, हा तपशील ‘दलित विरुद्ध मराठा’ असे सोपे चित्र रंगवणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. संस्था जातीच्या नावाची असली तरी तिचे दार उघडे राहिले, की तिच्या कॅमेऱ्यासमोरून आणि कॅमेऱ्यामागूनही अनपेक्षित माणसे जाऊ लागतात.

१४ फेब्रुवारी २०१४ला प्रदर्शित झालेल्या मंजुळेच्या ‘फँड्री’चे महत्त्व या दृष्टीने पाहिले पाहिजे. कैकाडी कुटुंबातील जब्या हा शाळकरी मुलगा आदर्श नाही. तो अभ्यासात मन रमवण्यापेक्षा काळ्या चिमणीमागे फिरतो, सवर्ण वर्गमैत्रिणीवर झुरतो आणि बापाच्या डुकरे पकडण्याच्या कामाची त्याला लाज वाटते. सभ्यतेचे प्रमाणपत्र त्याच्यापाशी नाही आणि दिग्दर्शकाने ते त्याच्यासाठी मागितलेलेही नाही. शेवटच्या दीर्घ प्रसंगात सगळे कुटुंब डुकराच्या मागे धावत असते, गाव करमणूक म्हणून ते पाहत असते, शाळेतून राष्ट्रगीताचे सूर आले की पाठलाग करणारे जागच्या जागी ताठ उभे राहतात आणि डुकराला पळायला वाव मिळतो. नंतर बांधलेले जनावर वाहून नेताना मागच्या भिंतीवर फुले, शाहू, आंबेडकरांची चित्रे दिसतात. या सबंध वेळात चित्रपटगृहातला प्रेक्षकही गावकऱ्यांच्याच जागी बसलेला असतो, आणि अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट पडद्यावर येऊन आदळतो. पाहणाऱ्याला पाहिले जात असल्याची जाणीव करून देणे हे त्या दगडाचे काम आहे. करुणेने ओथंबलेल्या अनेक मराठी चित्रपटांना हे जमले नाही, कारण त्यांच्यात गरीब, सोशिक दलित दाखवला जाई आणि प्रेक्षक स्वतःच्या डोळ्यांतल्या पाण्यावर खूश होऊन घरी जाई.

असे असले तरी दगड पडद्यापलीकडे जातो का, हा प्रश्न टाळता येत नाही. ‘फँड्री’नंतर अडीच महिन्यांच्या आत, २८ एप्रिल २०१४ रोजी, याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्याच्या खर्डा गावी सतरा वर्षांच्या एका दलित मुलाची सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून हत्या झाली, आणि नोव्हेंबर २०१७मध्ये साक्षीदार फितूर झाल्यामुळे आरोपी निर्दोष सुटले. मे २०१५मध्ये शिर्डीत एका तरुणाच्या मोबाइलवर भीमगीताची रिंगटोन वाजली, आणि तेवढ्यावरून त्याचा जीव घेतला गेला. सोनई, खर्डा आणि जवखेडे या गावांची नावे दलितांच्या हत्यांमुळे एकापाठोपाठ एक गाजल्यानंतर जिल्हा अत्याचारप्रवण जाहीर करण्याची मागणी वारंवार होत राहिली. चित्रपट पाहून हळहळलेल्या प्रेक्षकांमधून साक्षीदार निर्माण होत नाहीत.

लोकप्रियता हे आणखी एक अवघड प्रकरण आहे. मंजुळेच्याच २०१६च्या ‘सैराट’ने मराठी चित्रपटाच्या उत्पन्नाचे सारे जुने आकडे मागे टाकले, पण गावोगावच्या वरातींनी त्यातले ‘झिंगाट’ हे गाणे तेवढे उचलले आणि शेवटच्या रक्तात भिजलेल्या पावलांना सोडून दिले. त्याच वर्षी जुलैत कर्जत तालुक्यातील कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिची हत्या करण्यात आली. गुन्हा भयंकर होता आणि नोव्हेंबर २०१७मध्ये नगरच्या सत्र न्यायालयाने तिघांना फाशीची शिक्षा सुनावली; पण तिघांचा गुन्हा सार्वजनिक चर्चेत संपूर्ण दलित समाजाचा स्वभाव म्हणून मांडला जाऊ लागला, अत्याचार प्रतिबंधक कायद्यात बदलाची मागणी मराठा मोर्चांतून पुढे आली, आणि आंतरजातीय प्रेमाची गोष्ट सांगणाऱ्या ‘सैराट’लाही त्या चर्चेत ओढले गेले. ग्रिफिथच्या चित्रपटातला साचा, म्हणजे खालच्या मानल्या गेलेल्या समूहातला तरुण पुरुष आणि धोक्यात आलेली वरच्या घरची मुलगी, येथे जवळजवळ जशाच्या तसा आढळतो. ज्या वेळी मुलीवरच्या अत्याचाराचा निषेध आणि समाजाच्या बदनामीचा प्रतिकार दोन्ही एकाच वाक्यात करावे लागतात, त्या वेळी प्रतिमेच्या लढाईत उतरलेल्या तरुणाची खरी कसोटी लागते. आणि दलित स्त्रियांचा अनुभव बाजूला ठेवून केवळ पुरुषाच्या अपमानाचा हिशेब मांडला, तर ती कसोटी तो हरतो.

बाजाराचा हातभारही दुर्लक्षिण्यासारखा नाही. स्वस्त मोबाइल डेटा २०१६नंतर खेड्यापाड्यांत पोचल्यावर छोट्या चित्रफितींचे माध्यम वस्त्यांमधल्या मुलांच्या हाती आले, आणि त्यातून भीमगीतांचे, रॅपचे, जयंतीच्या मिरवणुकांचे एक स्वाभिमानी दृश्यविश्व उभे राहिले. परंतु त्याच माध्यमात ‘भाई’ची ऐट, गाडीवरचा स्टंट आणि दहशतीची पोझ यांना अधिक पाहणारे लाभतात. अमेरिकेत गोऱ्या मालकीच्या संगीतकंपन्यांनी गुंड काळ्या तरुणाची प्रतिमा काळ्याच तरुणांकडून गाववून घेतली आणि विकली, त्यातलाच हा प्रकार.

तरीही हातातल्या कॅमेऱ्याने काय बदलले हे राहुरीला लागूनच असलेल्या श्रीरामपूर तालुक्यात ऑगस्ट २०२३मध्ये दिसले. हरेगाव येथे शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या संशयावरून दलित तरुणांना झाडाला उलटे टांगून मारहाण करण्यात आली आणि त्या प्रकाराची दृश्ये समाजमाध्यमांवर पसरली. ‘चोर’ हा साचा येथे पूर्ण ताकदीने वापरला गेला होता. संशयाला पुराव्याची गरजच पडली नव्हती. पण वेकोच्या पोस्टकार्डाप्रमाणे याही दृश्याचा अर्थ पाहणाऱ्यांचे वर्तुळ बदलताच पालटला: जे एका गटाला जरब बसवणारे वाटले असते ते जिल्हाभर आणि राज्यभर क्रौर्याचा पुरावा म्हणून पाहिले गेले, गुन्हे दाखल झाले, मोर्चे निघाले. फरक एवढाच की १९१६मध्ये हा पालट घडवायला ‘द क्रायसिस’सारखे नियतकालिक लागले, आणि २०२३मध्ये वस्तीतल्या मोबाइलधारकांनीच ते काम केले. चोरीचा आरोप खोटा होता की खरा, या चर्चेत ते अडकले नाहीत. शेळी चोरली असती तरी माणसाला उलटे टांगता येते काय, हा त्यांचा प्रश्न होता, आणि ‘फकिरा’ची जात याच प्रश्नाची आहे.

अशा क्षणिक विजयांना टिकाऊ करणारी जागा वृत्तकक्षात आहे आणि तिथली स्थिती निराशाजनक आहे. १९९६मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे दिल्लीतील आफ्रिकी-अमेरिकन प्रतिनिधी केनेथ कूपर यांनी एखाद्या दलित पत्रकाराशी भेट घालून देण्याची विनंती केली, तेव्हा बी. एन. उनियाल या ज्येष्ठ पत्रकाराला आपल्या सबंध कारकिर्दीत असा एकही सहकारी भेटला नसल्याचे उमगले आणि त्यांनी तसे लिहिले. २०१९मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांच्या पाहणीत वृत्तसंस्थांमधील १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ पदे उच्चवर्णीयांकडे आढळली, तर अनुसूचित जाती-जमातींकडे एकही नव्हते. याउलट एका पत्रकाराच्या चिकाटीने किती दूर जाता येते याचा दाखला मुंबईच्या सुकन्या शांता यांनी दिला: तुरुंगांत जातीवरून कामे वाटली जातात हे त्यांनी वृत्तमालिकेतून उघड केले, त्याच आधारे याचिका केली, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांमधील जातिभेदाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला आणि विमुक्त जमातींना जन्मजात सराईत गुन्हेगार मानणाऱ्या भाषेवर ताशेरे ओढले. १८७१च्या कायद्याने जे कागदावर आणले त्यातले थोडे अशा रीतीने कागदावरूनच पुसले गेले. तालुक्याच्या गुन्हेवृत्ताची गोष्ट अजून निराळी आहे, कारण ते बहुधा पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकावरून लिहिले जाते, टोळीच्या नावातली जात त्यात तशीच उतरते, आणि ती खोडण्याचा अधिकार असलेल्या टेबलावर राहुरी-श्रीरामपूरच्या वस्त्यांमधून आलेला तरुण अद्याप क्वचितच बसलेला दिसतो.